निरोप

"काकू, तो माझा फोनच घेत नाही. तुम्ही सांगाल त्याला?" होणाऱ्या सुनेचा, मुक्ताचा आवाज रडवेला झाला होता.

नीलिमाताई फोन तसाच धरून मुलाच्या खोलीत गेल्या. चिन्मय शर्टाला इस्त्री करत होता. "भांडायचं तर भांड, पण बोल रे तिच्याशी."

त्याने मानही वर केली नाही. "तिला सांग, माझं काही म्हणणं नाही."

ताईंनी हे वाक्य पूर्वीही ऐकलं होतं. नवऱ्याने अबोला धरला की हेच वाक्य घेऊन छोटा चिन्मय स्वयंपाकघरात यायचा, आणि "त्यांना सांग, ताट वाढलंय" म्हणत त्या त्याला तसाच परत धाडायच्या.

"काय म्हणाला, काकू?" पलीकडून मुक्ताने विचारलं.

एवढंसं पोर तेव्हा हे निरोप कसं पोचवत असेल? ताईंची जीभ उचलेना.