काकूंच्या झांजा

“काकू, यंदा झांजा नाही वाजवल्या तर चालेल का?”

निमिषनं हे विचारलं आणि मोदकांचे ट्रे लावणाऱ्या बायकांचे हात जागच्या जागी थांबले. शुभाकाकूंना हे सांगावं असं अमेरिकेतल्या बॉथेल गावच्या मराठी मंडळात सगळ्यांनाच वाटायचं, पण छाती कुणाची होत नव्हती. निमिषला इथे येऊन चार वर्षं झाली होती. चारही गणपतींत त्यानं तेच ऐकलं होतं. चाळीस माणसं एका तालात टाळ्या वाजवायची आणि काकूंच्या झांजा मागाहून यायच्या. कधी अर्ध्या मात्रेनं, कधी चांगल्या दीड मात्रेनं. काकूंच्या वयाकडे बघून लोक गप्प बसत.

“का रे? कान दुखतात का तुझे?” काकूंनी विचारलं.

“तसं नाही हो काकू. माझी सिस्टिम कन्फ्यूज होते.”

सिस्टिम म्हणजे त्याचा लॅपटॉप. आठ महिने निमिष ऑफिसचं काम संपलं की गेस्टरूममध्ये बसून व्हिडिओ बघत एक नवीनच विद्या शिकत होता. स्क्रीनवर पेट्या मांडायच्या आणि त्यांना स्क्रीनवरच्याच वायरी जोडायच्या. एक पेटी आवाज काढते, एक ताल धरते, एक नाणं उडवल्यासारखं करून पुढचा सूर ठरवते. नियम आपण घालून द्यायचे आणि हात मागे घ्यायचे, की संगीत आपलं आपण घडत राहतं, दरवेळी नवं. निदान व्हिडिओतला माणूस तसं म्हणायचा. निमिषच्या पेट्यांतून पहिले तीन महिने जुना फ्रिज सुरू व्हावा तसा आवाज येत होता. “तुझा फ्रिज बंद झाला की जेवायला ये,” असं म्हणून त्याची बायको आश्लेषा दार ओढून घ्यायची. एवढ्या कष्टाचं संगीत जगात एकाही माणसानं नीट ऐकू नये, याचं त्याला मनापासून वाईट वाटायचं.

आणि मग संधी आली. मंडळाचा अध्यक्ष प्रताप म्हणाला, “यार, तबलेवाला देवांग इंडियाला गेलाय. आरतीला साथ तू कर. जमलं, तर दिवाळी प्रोग्रॅममध्ये वीस मिनिटं स्टेज तुझं.”

वीस मिनिटं! निमिषनं दोन आठवडे खपून पेट्या जुळवल्या. माइक टाळ्या ऐकणार, टाळ्यांचा वेग पकडणार आणि मशीन त्या वेगानं साथ करणार. सगळं चोख होतं. गेल्या वर्षीच्या आरतीचा व्हिडिओ लावून पाहिला, तेव्हा अडचण एकच निघाली. काकूंच्या झांजा चाळीस टाळ्यांना भारी पडायच्या, आणि त्यांच्यामागे गेलेलं मशीन थेट खड्ड्यात जायचं.

काकूंनी शेजारच्या खुर्चीत बसलेल्या श्रीरामकाकांकडे, म्हणजे आपल्या यजमानांकडे, एकदा पाहिलं. मग झांजा मांडीवर ठेवल्या. “बरं,” एवढंच म्हणाल्या.

भाड्याच्या हॉलमध्ये काडी ओढायला बंदी, म्हणून तबकात बॅटरीचं निरांजन होतं. आरती सुरू झाली. पहिलं कडवं असं रंगलं की आश्लेषानंसुद्धा मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. निमिषला भरून आलं. दुसऱ्या कडव्याला बाहेरच्या कॉरिडॉरमधून मसालेभाताचा वास आत आला. दीड वाजून गेला होता. टाळ्या जरा घाईला आल्या. मशीननं इमानेइतबारे वेग वाढवला. लोकांना वाटलं, मशीनलाच घाई आहे, म्हणून त्यांनी आणखी वाढवला. मशीन त्यांच्या मागे, ते मशीनच्या मागे. शेवटच्या कडव्याला शब्द उरलेच नाहीत, नुसता गलका उरला. मुलं तर आनंदानं उड्या मारत होती.

“एक नंबर!” प्रतापनं निमिषच्या पाठीत थाप मारली. “आपली आरती दोन मिनिटांत संपली, हिस्टरीत फर्स्ट टाइम! दिवाळी तुझी, डन!” आणि तो सगळ्यांबरोबर ताट घ्यायला बाहेर पळाला.

निमिषचे पाय जमिनीवर नव्हते. तो लॅपटॉप बंद करायला वाकला आणि थबकला. मशीन अजून वाजत होतं. पण अगदी सावकाश, एकेका सुरावर रेंगाळत. काहीतरी बिघडलं म्हणून त्यानं वायरी तपासल्या. सगळं ठीक होतं. मग त्यानं वर पाहिलं.

माइकशेजारच्या खुर्चीत श्रीरामकाका डोळे मिटून आरती म्हणत होते. त्यांचं दुसरं कडवं चाललं होतं. पाच वर्षांपूर्वी त्यांना पॅरालिसिसचा झटका येऊन गेला होता. तेव्हापासून एकेक शब्द वेळ घेऊन यायचा, आणि उजवा हात डाव्यापर्यंत पोचायलाही वेळ लागायचा. चाळीस जणांच्या गजरात त्यांची टाळी कुणाच्या कानावर पडलीच नव्हती. आता हॉलमध्ये तेवढी एकच टाळी होती आणि मशीन तिच्या पाठोपाठ चाललं होतं. आठ महिन्यांत निमिषच्या पेट्यांनी इतकं सुंदर काही वाजवलं नव्हतं.

शुभाकाकूंनी मांडीवरच्या झांजा उचलल्या. आता खड्डा, म्हणून निमिषनं डोळे मिटून घेतले. झांज वाजली ती नेमकी टाळीवर. पुन्हा वाजली, पुन्हा टाळीवर. एकही ठोका चुकला नाही.

“काकू, तुम्ही तर एकदम तालात वाजवताय!” त्याच्या तोंडून निघून गेलं.

काकूंनी काकांच्या हातांवरची नजर काढली नाही.

“पाच वर्षं मी ह्यांच्याच टाळीवर वाजवतेय रे,” त्या म्हणाल्या. “तुमच्याकडे माझं लक्षच कुठं होतं?”