सोमवारच्या आत

“पेशंट कुठे आहे?” समुपदेशक जुईली मॅडमनी विचारलं.

“घरी. अकोल्याला.” गौरांगने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते. “माझा मोठा भाऊ. अद्वैत. कॉलेजात शिकवतो.”

अमरावतीच्या त्या व्यसनमुक्ती केंद्रात पंखा जोरात फिरत होता, तरी त्याच्या कपाळावर घाम होता. एसटीत उभं राहून आलो, असं तो म्हणाला.

“घरात काय चाललंय?”

“रोज भांडण. कपाटं तपासली जातात, पाकीट लपवावं लागतं. रात्री दाराला आतून कुलूप. असं किती दिवस चालणार, मॅडम? मला त्याला सोमवारच्या आत भरती करायचंय.”

“सोमवारी काय आहे?”

“सोमवारी उशीर होईल.”

जुईली मॅडमनी पेन खाली ठेवलं. “त्यांना घेऊन या. मी त्यांच्याशी एकट्याशी बोलेन. मग ठरवू. बांधून आणलेला माणूस इथे टिकत नाही.”

“तो कबूलच करणार नाही.”

“सुरुवातीला कुणीच करत नाही.” त्या त्याच्याकडे पाहत राहिल्या. “तुम्हाला झोप लागते का?”

“नाही.”

“जेवण जातं?”

गौरांग हसला. “भावाचं विचारा ना, मॅडम.”

“घरात एक जण पीत असला तरी आजारी सगळेच पडतात. ते नाही आले तर तुम्ही एकटे या. कधीही या.”

तो आभार मानून बाहेर पडला. बसस्थानकावर त्याने मूठभर बडीशेप तोंडात टाकली आणि अकोल्याची गाडी पकडली. पुन्हा तो तिथे गेला नाही.

दुसऱ्या दिवशी अकोल्याच्या सरकारी दवाखान्यात तरुण डॉक्टरने नीट ऐकून घेतलं. भरतीची सोय होती, औषधंही होती.

“आधी रक्त तपासू,” डॉक्टर म्हणाला. “पेशंट काहीही सांगो, यकृत खोटं बोलत नाही.”

“त्याशिवाय नाही का घेता येणार?”

“मग औषध कशाच्या आधारावर देऊ? रोज पिणाऱ्याची एकदम बंद केली तर झटके येतात. कधी जीवही जातो. इथे आमची नजर असते.”

गौरांगने मान डोलावली. केसपेपरची घडी घालून खिशात ठेवली आणि निघाला.

तिसरी जागा त्याला अकोट रस्त्यावर सापडली. कापसाच्या जुन्या जिनिंगचं गोदाम होतं ते. खिडक्यांना आतून पत्रे ठोकलेले. बाहेर पाटी नव्हती. उत्तमराव नावाचा जाडजूड माणूस खाटेवर बसून शेंगा सोलत होता.

“तुमची सही आन भावाचं आधार कार्ड द्या,” तो म्हणाला. “बाकी आमी पाहतो. गाडी आमची, पोरं आमची.”

“त्याच्याशी आधी बोलणार नाही?”

“काय बोलाचं? पेणारा काय बोलते, सारं पाठ झालं मले. मांगच्या महिन्यात एकानं बापाकडे बोट दाखवलं. म्हणे, मी नाही, हा बुढा पेते! बुढ्याच्या गळ्यात तुळशीची माळ!” उत्तमराव खदखदून हसला. “बुढाच घाबरला. म्हणे, मले नका नेऊ!”

गौरांगही हसला. मग म्हणाला, “रक्त तपासता?”

“डॉक्टर येते कधीमधी. तुमाले भाऊ सुधरवाचा हाय का रिपोर्ट पाह्याचे हायेत?”

“आणि फोन?”

“तीन महिने फोन नाही, भेट नाही. माय आली तरी नाही. घरी कोण कोण हाय?”

“आम्ही दोघंच. आई तेल्हाऱ्याला असते. तिला काही कळवू नका, बीपी आहे तिला.”

“नाही कळवत. रविवारी दुपारी येतो.”

त्या आठवड्यात पहिल्यांदाच गौरांगचे खांदे सैल झाले.

रविवारी जीप आली तेव्हा अद्वैत पलंगावर बॅग भरत होता. टॉवेल, साबण, घड्या घातलेले शर्ट. गौरांगने दार उघडलं आणि बाजूला झाला.

“पाह्यलं?” उत्तमराव त्याच्या कानाशी म्हणाला. “पयून जाऊन राहिला होता. बरं झालं, आलो.”

दोन पोरांनी अद्वैतला दंडाला धरलं.

“अहो, काय करताय? कोण तुम्ही?”

“चला सर. तीन महिन्यांत माणूस बनवतो तुमाले.”

अद्वैत आधी गोंधळला, मग त्याच्या लक्षात आलं. “मी? अहो, मी नाही! हा पितो! माझ्या तोंडाचा वास घ्या!”

पोरं एकमेकांकडे पाहून हसली.

“आज भेटली नसंन, सर,” उत्तमराव समजुतीने म्हणाला. “म्हणून तर हात कापून राहिले तुमचे.”

अद्वैत भावाकडे वळला. “गौरांग, सांग ना यांना!”

“दादा, तुझ्या भल्यासाठीच आहे.”

जिन्यात अद्वैतचा चष्मा पडला. एका पोराने तो उचलून स्वतःच्या खिशात ठेवला. जीपपाशी पोचेपर्यंत अद्वैतची धडपड थांबली होती. त्याने मान वळवून वर पाहिलं. गौरांग गॅलरीत उभा होता.

“कुकर लावलाय,” अद्वैत म्हणाला. “जेवून घे.”

दार आपटलं. जीप वळली आणि गेली.

गौरांग आत आला. गॅस बंद केला. टेबलावर अद्वैतचा फोन वाजत होता. ‘आई.’ तो वाजून थांबला, पुन्हा वाजू लागला. गौरांगने तो उचलून कानाला लावला.

“अद्वैत, भरली का रे त्याची बॅग?” आई म्हणाली. “हात जोडून सांग त्याले, आईनं सांगितलं म्हणून उद्या सोमवारी भरती व्हायला चल म्हणा. आज तरी प्यायला नाही ना गौरांग?”