गाजराचा कीस

डॉक्टरबाईंनी गुंड्या गिनीपिगला हात लावण्याआधीच निवृत्त उपासनी सरांनी प्रश्न टाकला, "याला कोणतं जीवनसत्त्व रोज द्यावं लागतं?" आतापर्यंतचे सगळे डॉक्टर याच प्रश्नाला नापास झाले होते.

"क," म्हणत बाईंनी गुंड्याचं तोंड उघडलं. "दात फार वाढलेत, म्हणून खात नाहीये. खायला काय देता?"

"गाजर. स्वतः बारीक किसतो. बिचाऱ्याला चावायचा त्रास नको!"

"काका, याचे दात जन्मभर वाढतात आणि चावूनच झिजतात. आता मी कापते, पण किसणी ठेवून द्या. भरपूर गवत घाला."

संध्याकाळी सर सोसायटीच्या बागेत वाकून गवत खुडत होते. शेजारच्या पाटणकरबाई थबकल्या. "दुर्वा का? आज चतुर्थी आहे?"

"आमच्याकडे आता रोजच चतुर्थी," म्हणत सर आणखी खाली वाकले.