निम्म्या शेंगा

पास्तो शहरातल्या एका शाळेत नुबिया शिकवायची आणि दुपारनंतर घरी आईला सांभाळायची. आईला, एर्मेलिंदाला, दोन वर्षांपासून कुणाचीच ओळख पटत नव्हती. नुबियाचा रक्तदाब वाढला, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी गोळ्यांबरोबर हेही सांगितलं, "रोज एक तरी गोष्ट शोधा, जिचे आभार मानावेसे वाटतील." आठवडा गेला, तिला एकही सापडली नाही. शेवटी आईला वृद्धाश्रमात ठेवायचं तिने ठरवून टाकलं.

शनिवारी ती वाटाणे सोलत बसली होती. आई येऊन समोर बसली, काही न विचारता तिने निम्म्या शेंगा आपल्याकडे ओढल्या आणि सोलायला लागली. बोटं अजून सराईत होती.

"दमलेली दिसतेस, पोरी. सगळं एकटीच करतेस का?" आईने विचारलं.

"हो."

"घरी कुणी नाही?"

"आई आहे."

"मग तिच्याशी बोलत जा. मनात ठेवून माणूस आजारी पडतं."

नुबियाने हातातली शेंग खाली ठेवली.

"तिच्याशीच बोलतेय," ती म्हणाली. "बरं झालं, मदतीला आलीस."