आधी डोळा, मग कॅमेरा

"पडदा झाक बघू. आधी डोळा, मग कॅमेरा," चष्मेवाला म्हणाला आणि दुर्बिणीला डोळा लावून बसला.

नाहीबुवाने कॅमेऱ्याच्या पडद्यावर रुमाल टाकला. दोघांचा हा जुना नियम होता. डोळ्याने बघणाऱ्याने आधी कागदावर चित्र काढायचं. धूमकेतू कुठल्या ताऱ्याजवळ, शेपटी कुणीकडे. मग फोटो उघडायचा आणि दोन्ही ताडून बघायचं. फोटो आधी पाहिला की माणसाला नसलेलंही दिसायला लागतं. बघायचं काम चष्मेवाल्याचं, फोटोचं नाहीबुवाचं. गच्चीवरच्या त्या मोडक्या खुर्चीत चष्मेवाल्याशिवाय आजवर कुणी बसलं नव्हतं.

नाहीबुवा पेशाने दातांचा डॉक्टर. दिवसभर लोकांची तोंडं उघडी ठेवून त्यांना बोलू द्यायचं नाही, ही सवय दवाखाना बंद झाल्यावरही सुटत नसे. कुणी काही म्हटलं की याचं सुरू, "नाही बुवा." चष्मेवाला मंगळाला तांबडा म्हणाला तर याला तो नारिंगी दिसायचा. चित्र आणि फोटो अगदी तंतोतंत जुळले तरी हा मान हलवायचा. "नाही बुवा, शेपटी जरा आखूड काढलीस." मैत्री टिकली ती बहुधा त्यामुळेच.

आज गच्चीवर तिसरं माणूसही होतं. चष्मेवाल्याची बायको हाताची घडी घालून कठड्याला टेकली होती. तिला धूमकेतूशी काही देणंघेणं नव्हतं. ती पैजेसाठी आली होती.

"डोळे दाखवून या," म्हणून तिने नवऱ्याच्या मागे भुणभुण लावली होती, त्याला बरेच महिने झाले. परवा तर त्याने दारामागे टांगलेल्या तिच्या कोटाला "या, बसा" म्हटलं. पण हा ऐकतोय कसला! ज्याच्या दुकानात अख्खी गल्ली नंबर काढून घेते, त्याने डोळे दाखवायला कुठे जायचं? रोज सकाळी दुकान उघडलं की तो भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वाचायचा. वरपासून खालपर्यंत, न अडखळता घडाघडा. रोज पैकीच्या पैकी. तक्ता त्याला तोंडपाठ होता, हे मात्र तो स्वतःलाही सांगत नव्हता. डोळे अधू झाले हे एकदा कबूल केलं की खुर्चीही गेली, ही त्याला खरी धास्ती होती.

शेवटी पैज लागली. आजचं चित्र बरोबर आलं तर बायकोने पुन्हा विषय काढायचा नाही. चुकलं तर त्याने मुकाट्याने डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं.

"भावजी, खरं तेच सांगा हं," ती म्हणाली.

"वहिनी, मी? मी आजवर एकदा तरी सोडलंय का त्याला?"

सूर्य बुडून अंधार पडला होता. धूमकेतू समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाक्यांवर जेमतेम वीतभर होता आणि थोड्या वेळात तोही टाक्यांमागे जाणार होता. चष्मेवाल्याने डोळा बारीक केला, मोठा केला, चाकं फिरवली. कागदावर बरणीचं झाकण ठेवून काढलेलं वर्तुळ तयार होतं. त्याने त्यात तीन ठिपके दिले. मग एकदम ओरडला.

"सापडला! काय फुललाय रे! आणि लोक म्हणे, फिकट आहे, फिकट आहे."

उजवीकडे त्याने गुबगुबीत गोळा काढला. वर ऐटदार शेपटी. पेन्सिल कानावर खोचली आणि कागद पुढे केला.

नाहीबुवाने रुमाल उचलला. चष्मेवाल्याने जिथे गोळा काढला होता, तिथे फोटोत एक साधा तारा होता. सुईने टोचल्यासारखा, स्वच्छ. धूमकेतू पार दुसऱ्या टोकाला, खाली डावीकडे होता. पुसट हिरवट डाग, आणि दोऱ्याएवढी शेपटी.

एवढ्या मोठ्या चुकीची नाहीबुवा आयुष्यभर वाट बघत होता. नुसतं "नाही बुवा" म्हणायचं, की काम फत्ते. त्याने मान वर केली. चष्मेवाला खुर्चीच्या दांडीवर हात ठेवून, निकाल लागायच्या आधी पोरं हसतात तसा हसत होता.

"काय रे, बोल की!"

नाहीबुवाने तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "अगदी बरोबर."

आणि घाईघाईने रुमाल परत पडद्यावर टाकला.

"हरले बाई मी," बायको म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. "दिला शब्द. आता पुन्हा नाही काढायची तुमच्या डोळ्यांचं नाव." ती कठड्यावरचे कप गोळा करायला लागली.

चष्मेवाला हातातल्या कागदाकडे बघत राहिला. मग रुमालाकडे. मग नाहीबुवाकडे; तो टाक्यांकडे टक लावून उभा होता. चष्मेवाल्याने कानावरची पेन्सिल काढली, खिशात ठेवली आणि हलकेच खुर्चीतून उठला.

"अगं, डोळ्यांच्या डॉक्टरची उद्याची वेळ घे."

"अहो, पण जिंकलात ना तुम्ही? भावजी स्वतः बरोबर म्हणाले की!"

"तेच तर," चष्मेवाला म्हणाला. "हा माणूस मला बरोबर म्हणाला, म्हणजे माझं चित्र किती चुकलं असेल, विचार कर."