राखेवरचं गवत

दोन हजार चौदा साली कोळशाचं पॉवर हाऊस बंद पडलं. त्या हिवाळ्यात केतकी त्याच्या उंच चिमणीचा फोटो काढायला आली आणि नलूआत्या सोबत गेल्या.

“आत्या, डोंगरासकट चिमणी मावत नाहीये गं,” म्हणत ती कॅमेऱ्याला डोळा लावून मागे सरकू लागली.

आत्यांनी तिच्या मागचं हिरवं गवत पाहिलं. गवताखाली जमीन नव्हती, पॉवर हाऊसने वर्षानुवर्षं सोडलेल्या राखेचा ओला गाळ होता. त्यांची म्हैस त्यांच्यादेखत तिथेच गडप झाली होती.

“केतके, थांब! मागे राख आहे!”

“एकच पाऊल, आत्या!”

बटण दाबता दाबताच ती कमरेपर्यंत आत गेली. आत्यांनी काठावर पालथं पडून पदर फेकला आणि तिला ओढून काढलं.

पुढे चिमणी पाडली. आत्याही गेल्या. केतकीच्या भिंतीवर तो फोटो आहे. “चिमणी वाकडी कशी?” कुणी विचारलंच, तर ती म्हणते, “ती सरळच होती. मी बुडत होते.”