थापीचा ठेका

या, जवळ सरका. कीर्तनाला बसता तसं मांडी घालून बसा. मानवतजवळच्या आमच्या गावात, जुन्या दगडी वाचनालयात जे घडलं ते सांगतो.

डागडुजी चालू होती, मीही तिथं कामाला होतो. गच्चीवर चुन्याचा कोबा टाकून बाया तो लाकडी थाप्यांनी ठोकायच्या. दुपारी थाप्या घेऊन सगळ्या अंगणात जेवायला उतरल्या. कुसुमबाईची गरोदर सून नीलम तेवढी वर कठड्याच्या सावलीत पडली होती.

पहिला घास घेतो न घेतो, तोच वर थापी वाजायला लागली. पखवाजासारखी, अगदी ठेक्यात. माझी तर मानच डोलू लागली.

"बघा माझी सून!" कुसुमबाई हसली. "जेवायच्या टायमाला कामाचा पुळका आलाय. नीलम, ये की खाली!"

नीलम डोळे चोळत जिना उतरली. "आत्याबाई, खालून छताला कोण ठोकायलंय? घटकाभर पडू द्या की."

खाली दालनाला कुलूप होतं. थाप्या आमच्यासमोर पडलेल्या.

कुणी काही बोलायच्या आत, नीलम पडली होती तेच निम्मं छत कोसळलं.

कुसुमबाईनं सुनेला छातीशी धरलं. कुणाला साधं खरचटलंही नव्हतं. आम्ही रडलो, हसलो, पांडुरंगाला हात जोडले.

मग धूळ खाली बसली. पडलेल्या छताच्या जागी नुसतं आभाळ होतं, आणि तिथं थापी अजून वाजतच होती, ठेका न चुकवता.

बाबांनो, कीर्तनात टाळ्या वाजवाल तेव्हा ती थापी वाजवणाऱ्या हाताची आठवण ठेवा.